कोंडलेल्या मांजरीचं देणं

आपल्या समाजात मांजरीविषयी अभिमानाने बोलणाऱ्यांची कमतरता नाही. रमजान असो की साधा जुम्मा, मोबाइलवर मांजरींची छायाचित्रं फिरत असतात. जानमाजवर बसलेली मांजर, मशिदीच्या पायरीवर झोपलेली मांजर, इस्तंबूलच्या दुकानात गादीवर पसरलेली मांजर. खाली मजकूर असतो की आमच्या दीनमध्ये मांजर पाक आहे. आपण सुभानल्लाह म्हणतो आणि पुढे पाठवतो. ज्या घरातून तो मजकूर पुढे जातो, त्याच घरात बरेचदा हजारो रुपये मोजून आणलेली पर्शियन मांजर खिडकीच्या जाळीला नाक लावून बसलेली असते. तिला खायला आहे, प्यायला आहे, पंख्याखाली झोपायला जागा आहे. दिवसभर करायला मात्र काही नाही.

मांजरीसाठी घरातल्या टाकाऊ वस्तूंतून खेळणी करावीत, असं मला या लेखात सांगायचं आहे. हा काय लेखाचा विषय झाला, असं काही जण म्हणतील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मग हसावं. माझं म्हणणं साधं आहे. आपण मांजर घरात कोंडली, की तिला खेळवणं हा आपल्या हौसेचा भाग राहत नाही. ते तिचं आपल्याकडे असलेलं देणं होतं. हे देणं फेडायला पैसा लागत नाही, त्यामुळे ते थकवण्याची सबबही आपल्याकडे उरत नाही.

आधी आपण अभिमानाने सांगतो त्या गोष्टी नीट वाचू. प्रेषितांच्या (स.) बाहीवर मांजर झोपली होती, तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली, ही मुअज्जा नावाच्या मांजरीची गोष्ट सर्वांत जास्त फिरते. हदीसच्या मान्य संग्रहांत ती सापडत नाही. लोकांनी प्रेमाने सांगत आणलेली ती गोष्ट आहे, तिच्यावर मी रागावणार नाही. पण संग्रहांत ज्या गोष्टी आहेत त्या कितीतरी मोलाच्या आहेत. त्या आपण पुढे पाठवत नाही, कारण त्या आपल्याकडून काही मागतात.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत हजरत अबू कतादा (रजि.) यांची हकीकत आहे. सुनेने त्यांच्या वजूसाठी पाणी ठेवलं. एक मांजर पाणी प्यायला आली. त्यांनी भांडं तिच्याकडे कलतं केलं आणि तिचं पिऊन होईपर्यंत धरून ठेवलं. सून आश्चर्याने पाहू लागली तेव्हा त्यांनी तिला प्रेषितांचा (स.) हवाला दिला. मांजर नापाक नाही, ती तुमच्यात सतत फिरत-वावरत असणाऱ्यांपैकी आहे, असा त्याचा आशय. 'मांजर पाक आहे' एवढंच आपण यातून उचललं. 'फिरत असणारी' हा शब्द सोडून दिला. जी फिरते तिच्याविषयी हे सांगितलेलं आहे आणि आपण तिचं फिरणंच बंद केलं आहे.

दुसरी गोष्ट हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची. सर्वाधिक हदीस ज्यांच्याकडून आल्या त्या सहाबींना आपण त्यांच्या खऱ्या नावाने ओळखतच नाही. 'अबू हुरैरा' म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप. हे नाव कसं पडलं ते तिर्मिजीत त्यांनीच सांगितलं आहे. ते घरच्या बकऱ्या चारायला न्यायचे. त्यांच्याकडे मांजरीचं एक पिल्लू होतं. रात्री ते त्याला झाडावर ठेवत आणि दिवसा सोबत नेऊन त्याच्याशी खेळत. म्हणजे मांजर पाळली म्हणून हे नाव मिळालेलं नाही. मांजरीशी खेळत म्हणून मिळालं. आपल्या जुम्म्याच्या खुतब्यांत हे नाव किती वेळा येतं! त्या नावात एक खेळणारा गुराखी पोरगा बसलेला आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

तिसरी गोष्ट बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका बाईला मांजरीमुळे शिक्षा झाली. तिने मांजर कोंडून ठेवली, खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे जीव शोधून खायला सोडलंही नाही. 'खशाशुल अर्ज' हे तिथले शब्द. किडे, उंदीर असे जमिनीवरचे बारीक जीव, असा त्यांचा अर्थ. मी आलिम नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण दोन भाषा शिकवून एक सवय लागते, वाक्यातली क्रियापदं मोजायची. इथे त्या बाईसमोर दोन वाटा होत्या. एक, तूच खाऊ घाल. दुसरी, तिला सोड, ती स्वतःची शिकार स्वतः करेल. हदीसचा रोख अन्नावर आहे आणि ताटली भरली की त्या गुन्ह्यातून सुटका होते, हे मला मान्य आहे. पण मांजरीला शिकारीसाठी मोकळं असणं ही तिची स्वाभाविक स्थिती आहे, हेही त्याच वाक्यात गृहीत धरलेलं आहे. दार आपण बंद केलं असेल, तर दारापलीकडचं तिचं जे काही होतं त्याच्या बदल्यात तिला काय दिलं, हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

आता दारापलीकडे तिचं काय होतं ते पाहू. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाच्या शेजारी मांजर पुरलेली सापडली आहे. माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे मांजर आली. तिला कुणी दावं लावून आणलं नाही. आमच्या मराठवाड्यातही कणगी आणि बळद होतं तोवर हा करार चालला. आमचं जांब महाराष्ट्राला समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून माहीत आहे. गावातली मांजर मात्र कुणाचा मोहल्ला कुठला ते पाहत नाही. जिथे ज्वारी, तिथे ती. कडब्याची गंज, गोठा, माळवद, मोसंबीच्या बागेचा बांध एवढं तिचं राज्य. तिला खेळणं करून द्या असं मी म्हणणार नाही. तिचा दिवस भरलेला आहे.

पण आता घरं बदलली. स्लॅब आला, जाळीची दारं आली, रस्त्यावर दुचाकी आणि ट्रॅक्टर वाढले, कुत्र्यांची टोळकी वाढली. पोरं शिकून जालन्याला, संभाजीनगरला, पुण्याला, मुंब्र्याला गेली आणि तिथे फ्लॅटमध्ये मांजरी पाळू लागली. जीव वाचवायचा तर मांजर आत ठेवणंच शहाणपणाचं आहे, यावर माझा वाद नाही. माझा वाद पुढच्या गोष्टीशी आहे. आपण करार एकतर्फी बदलला आणि वर तिलाच आळशी म्हणू लागलो.

मांजर शिकारी प्राणी आहे आणि तिची शिकार लहान असते. एका उंदराने तिचं पोट दिवसभर भरत नाही. म्हणून दिवसातून पुष्कळ वेळा दबा धरायचा, झेप घ्यायची, बहुतेक वेळा चुकायचं आणि पुन्हा दबा धरायचा, असं तिचं शरीर घडलेलं आहे. ही ओढ पोट भरल्यावर विझत नाही. खाऊन उठलेली मांजर पंख्याच्या वाऱ्याने हलणाऱ्या पडद्यावर झेप घेते ती यामुळेच. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी पाळीव मांजरींच्या खेळाचा अभ्यास केला. भूक लागलेली मांजर जास्त जोराने खेळते, असं त्यांना दिसलं. तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की तिचा रस उतरतो आणि जरा वेगळं खेळणं समोर आलं की लगेच परत येतो, हेही दिसलं. म्हणजे मांजरीच्या दृष्टीने खेळ आणि शिकार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

याचा उलटा पुरावाही आहे. २०२१ मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या २१९ घरांतल्या ३५५ मांजरींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बाहेर फिरून पक्षी आणि उंदीर मारून आणणाऱ्या मांजरी होत्या. मालकांनी रोज ५ ते १० मिनिटं त्यांना खेळवलं, तेव्हा त्यांनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी घटली. दहा मिनिटांचा खेळ खऱ्या शिकारीचा चौथा हिस्सा कमी करत असेल, तर तो खेळ तिला खऱ्या शिकारीच्या किती जवळचा वाटत असेल, याचा हिशेब ज्याने-त्याने करावा. अंगणातल्या चिमण्यांची काळजी असणाऱ्यांनीही करावा.

आपल्या भाषांना हे संशोधनाआधीच ठाऊक होतं. मराठीत म्हणतात, मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो. उर्दूत म्हणतात, बिल्ली के ख्वाब में छिछडे. आणखी एक म्हण आहे, खिसियानी बिल्ली खंबा नोचे. वर्गात ही म्हण शिकवताना आपण अर्थ सांगतो की हरलेला माणूस राग भलतीकडे काढतो. पण म्हण करणाऱ्याने आधी मांजर पाहिली होती. नखांची जुनी टरफलं काढायला, अंग ताणायला आणि स्वतःचा गंध ठेवायला मांजरीला खांब लागतोच. फ्लॅटमध्ये खांब नाही, म्हणून ती सोफा ओरबाडते. मग मालक म्हणतो, बिल्ली शैतान हो गई. शैतान कुणी झालेलं नाही. मियाँ, तुम्ही तिला खांब दिला नाही.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप धर्माच्या नावाने येतो. हे लहव आहे, वेळ घालवणं आहे, मोमिनाला शोभत नाही. असं म्हणणाऱ्यांना मी बुखारीतल्या अबू उमैरची आठवण देते. हजरत अनस (रजि.) यांच्या या लहान भावाकडे एक छोटा पक्षी होता, त्याच्याशी तो खेळायचा. पक्षी मेला तेव्हा प्रेषित (स.) त्या मुलाजवळ थांबत आणि त्याच्या पक्ष्याचं नाव काढून, शब्दाला शब्द जुळवून त्याची विचारपूस करत. ज्यांच्या खांद्यावर सगळ्या उम्मतची जबाबदारी होती त्यांना एका पोराच्या खेळातल्या पाखरासाठी वेळ होता आणि आपल्याला मांजरीसाठी दहा मिनिटं नाहीत! मात्र जिवाशी खेळणं वेगळं आणि जिवाचं खेळणं करणं वेगळं. जिवंत प्राण्याला नेमबाजीचं लक्ष्य करायला हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. मांजरीच्या शेपटीला डबा बांधून गल्लीत पळवणारी पोरं आणि त्यांचा व्हिडिओ काढणारे त्यांचे थोरले भाऊ हे या मनाईच्या कक्षेत येतात. त्यावर सुभानल्लाह लिहू नये.

दुसरा आक्षेप पैशाच्या बाजूने येतो. विकत मिळतात की खेळणी! मिळतात. बॅटरीवर फिरणारे उंदीर, लाल ठिपक्याचे लेझर, पिसांच्या काठ्या, परदेशी वनस्पतीच्या वासाच्या उशा. इसराफ कशाला म्हणतात हे शोधायला लांब जायला नको. महागडं खेळणं आणून ते मांजरीपुढे टाकायचं आणि स्वतः मोबाइल घेऊन बसायचं. दोन दिवसांत मांजर त्याच्याकडे पाहत नाही. ते का, हे वर आलंच आहे. लेझरबद्दल तर माझं स्पष्ट मत आहे की तो घरात आणूच नये. मांजर त्या ठिपक्यामागे धावते, झेप घेते आणि पंजाखाली काहीच सापडत नाही. प्रत्येक शिकार निसटलेली. शिवाय तो किरण डोळ्यात गेला तर इजा होते.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि मला तो हसण्यावारी न्यायचा नाही. आमच्या भागातली माणसं दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला बाहेर पडतात. त्यांची पोरं कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत हिवाळा काढतात. त्या पोरांच्या हातात खेळणं नसताना तुम्ही मांजरीच्या खेळण्यावर लिहिता? हो, लिहिते. माया ही शासकीय अनुदानासारखी नसते की एकाला दिली म्हणजे दुसऱ्याची कापली गेली. आणि या पोरांना वस्तूतून खेळणं करता येतं, हे विसरू नये. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करणारं पोरगं कुठल्याही कोर्सला गेलेलं नसतं. ज्यांना खेळणं फक्त विकत आणता येतं ते आपण आहोत. म्हणून हा लेख त्या पोरांसाठी नाही, तुमच्या-माझ्यासाठी आहे.

तर आता वस्तूंकडे या. घरगुती खेळण्यांचे व्हिडिओ पुष्कळ आहेत आणि त्यांत पहिलीच वस्तू असते शौचालयातल्या कागदाच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी. आमच्याकडे ती कुठून येणार? आमच्याकडे बधना आहे. म्हणून परक्या घरातल्या वस्तूंची यादी सोडा आणि आपल्या घरातल्या वस्तू पाहा.

रमजान संपला की प्रत्येक घरात खजुरांचे पुठ्ठ्याचे खोके उरतात. त्याला मांजरीचा पंजा सहज आत-बाहेर होईल एवढी चार-पाच भोकं पाडा, आत कागदाचे बोळे टाका आणि खोका चिकटपट्टीने बंद करा. एका बोळ्यात उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा ठेवा. बिळात हात घालून भक्ष्य ओढण्याचं तिचं मूळ काम तिला परत मिळालं. चपलांचा खोका चालेल. पंखा किंवा कुकर ज्यात आला तो मोठा खोका तर आडवा ठेवला की पुरे, दबा धरायला तिला तेवढंच लागतं. कापडाच्या दुकानात ताग्याच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळ्या पडलेल्या असतात. कुंभार पिंपळगावच्या बाजारात गेलात तर एखादी मागून आणा. वीतभर तुकडा कापला की गडगडणारं खेळणं तयार.

ईदचे कपडे शिवून झाले की शिंप्याकडे चिंध्यांचा ढीग असतो. जुन्या सुती मोज्यात त्या ठासून भरा, तोंड पक्कं शिवा आणि उंदराएवढा आकार ठेवा. डोळ्यांसाठी मणी नको, बटण नको, टिकली नको. डोळे आपल्याला हवे असतात, तिला नाही. तिला हालचाल हवी असते. रंगांचाही फार विचार करू नका, लाल रंग मांजरीला आपल्यासारखा दिसत नाही. तुरीची किंवा पऱ्हाटीची सरळ काठी घ्या, घासून गुळगुळीत करा, टोकाला जुन्या ओढणीची रुंद पट्टी घट्ट बांधा. ही सगळ्यांत चांगली वस्तू, कारण ती चालवायला माणूस लागतो.

नखांसाठी गोणपाट. युरियाची प्लास्टिकची गोणी नव्हे, तागाचं पोतं. लाकडी फळीला किंवा खुंटाला ते घट्ट गुंडाळून मागच्या बाजूने खिळे मारा आणि मांजर उभी राहून पूर्ण ताणली जाईल एवढ्या उंचीवर पक्कं बसवा. हलणाऱ्या खांबाला ती दुसऱ्यांदा हात लावत नाही.

आणि तो परदेशी वास? पावसाळ्यात आपल्या बांधावर, उकिरड्याजवळ, भिंतीच्या कडेला खोकली नावाचं तण उगवतं. त्याच्या मुळाच्या वासाने अनेक मांजरी वेड्यासारख्या लोळतात. तमिळमध्ये या झाडाचं एक नाव 'पूनै वणंगी' आहे, म्हणजे मांजर जिला वंदन करते ती. ओळखणाऱ्या जाणत्या माणसाला विचारून एक रोप उपटा, मूळ धुऊन तिच्यासमोर ठेवा. प्रत्येक मांजर भुलेलच असं नाही. पण जे आपण पैसे देऊन डबीत मागवतो त्याचा सख्खा भाऊ बांधावर फुकट उभा आहे, एवढं तरी कळेल.

खेळवण्याचीही रीत आहे. खेळणं मांजरीच्या तोंडावर नाचवू नका. फार जवळचं तिला नीट दिसत नाही आणि कुठलाही उंदीर मांजरीकडे धावत येत नाही. पट्टी तिच्यापासून दूर जाऊ द्या, दाराआड लपू द्या, मध्येच थांबू द्या. तीन-चार झेपांनंतर तिला पकडू द्या, दातांत धरू द्या. शेवटी खायला द्या. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप, हा तिचा क्रम आहे. हा क्रम संध्याकाळी पुरा झाला तर पहाटे फज्रच्या आधी तुमच्या पायाचा अंगठा चावायला ती येणार नाही. आणि सगळी खेळणी एकदम पसरू नका. दोन बाहेर, चार कपाटात, दर दोन-तीन दिवसांनी अदलाबदल.

धोक्याचं तर मी ठणकावूनच सांगते. दोरा, लोकर, मांजा, रबर, जरीची झालर, भेटवस्तूची फीत यांपैकी काहीही मांजरीच्या हाती एकटं सोडू नका. चित्रांत मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळते ते चित्रांतच ठीक. तिच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. दोरा एकदा आत जाऊ लागला की तिला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. एक टोक अडकलं आणि दुसरं आतड्यात पुढे गेलं तर आतडं चुणीसारखं गोळा होतं आणि कापलं जातं. शस्त्रक्रिया करावी लागते, ती वेळेत झाली नाही तर जीव जातो. दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच पशुवैद्याकडे न्या. घरात शिलाई मशीन असेल तर सुई-दोरा डब्यात बंद. ओढणीची काठी खेळ संपला की खुंटीवर. पॉलिथिनची पिशवी खेळायला नाही, आणि कागदी पिशवी द्यायची तर बंद कापून. डांबरगोळीचा गडगडणारा गोल मुलांना मजेचा वाटतो, मांजरीसाठी ती विष आहे. ज्वारीच्या चिपाडाची साल धारदार असते, तीही नको.

आणखी एक. हाताची बोटं हलवून मांजरीला खेळवू नका. आज पिल्लू आहे, उद्या दात येतील आणि तिला हात म्हणजेच शिकार वाटेल. चावा किंवा ओरखडा लागलाच तर हळद-चुना न लावता साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीज मांजरीच्या चाव्यातूनही होतो.

शेवटचं माझ्या व्यवसायातल्या लोकांशी बोलायचं आहे. बीएड करताना आपण सगळ्यांनी टाकाऊतून टिकाऊ शैक्षणिक साधनं केली. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पोरांकडून आइस्क्रीमच्या काड्यांची घरं आणि बाटल्यांच्या फुलदाण्या करून घेतल्या. त्या आज कुठे आहेत? काचेच्या कपाटात. तपासणीच्या दिवशी कपाट पुसायचं, साहेबांना दाखवायचं, पुन्हा कुलूप. त्या वस्तूंचा कुणालाही उपयोग झाला नाही आणि पोरांनाही ते माहीत होतं. आयआयटी कानपूरला शिकलेल्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून विज्ञान शिकवलं, पुण्याच्या आयुकात वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांची अट एकच होती, ती मुलाच्या हातात चालली पाहिजेत.

मांजरीसाठी केलेल्या खेळण्याची अट याहून कडक आहे. इथे परीक्षक मांजर आहे आणि ती दयेचे गुण देत नाही. सुंदर रंगवलेला उंदीर तिच्यापुढे ठेवला आणि तिने पाठ फिरवली, तर पोराला विचार करावा लागतो. का खेळली नाही? आकार मोठा झाला का? आवाज येत नाही का? हलवण्याची रीत चुकली का? निरीक्षण, अंदाज, दुरुस्ती, पुन्हा निरीक्षण. अध्यापनशास्त्राची जाडजूड पुस्तकं जे सांगतात ते एका खोक्यात आणि एका पंजात घडतं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते, जी कुठल्याच मूल्यमापनाच्या तक्त्यात नाही. ज्याला बोलता येत नाही अशा दुसऱ्या जिवाला काय हवं असेल, याचा विचार पोरगं करायला लागतं. आजच्या वातावरणात, जिथे शेजारच्या माणसाला काय हवं आहे हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं आहे, तिथे मला हा धडा भाषेच्या कुठल्याही धड्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तो उर्दू माध्यमाच्या पोरालाही लागतो आणि मराठी माध्यमाच्याही.

ज्यांना धर्माचं बोलणं नको आहे त्यांच्यासाठी कायदाही आहे. १९६० च्या प्राण्यांच्या छळ प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम सांगतं की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याच्या क्षेमाची सर्व वाजवी काळजी घेणं हे त्या माणसाचं कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द तिथे आहे. त्यात हौस बसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मांजरीचं छायाचित्र पुढे पाठवण्याआधी एक काम करा. कपाटावर ठेवलेला खजुराचा खोका खाली काढा, कात्री घ्या, घरातल्या सगळ्यांत धाकट्या पोराला जवळ बोलवा आणि त्यालाच विचारून भोकं पाडा. मगरिबनंतर दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवा. मांजर खोक्यापाशी येईल, वास घेईल, पंजा आत घालेल. छायाचित्र काढायचंच असेल तर ते त्या वेळी काढा.